बोर्ड 'डेड' झाला? पुसण्याआधी थांबा! यूएसबीवरून फ्लॅश करताना आत नेमकं काय घडतं

फोन अपडेट होताना स्क्रीनवर "फोन बंद करू नका" असं येतं आणि आपण चार्जर लावून गप बसून राहतो. पण मध्येच बंद झाला तर नेमकं काय होईल? हे मला गेल्या महिन्यात नीट कळलं. फोनमुळे नाही, तर दोन बोटांएवढ्या एका बोर्डमुळे. त्यात माझी एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या मामांनी दोन रात्री जागून मोजली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

मामांचं 'डबडं'

मी अक्कलकोटचा. नोकरीसाठी रोज सोलापूरला ये-जा करतो. मामांची शेती कुरनूर धरणाच्या बाजूला आहे, ऊस आणि तूर. त्यांच्याकडे मोटारीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो. मग टॉर्च घेऊन बांधावरून विहिरीवर जायचं, लाइट नसेल तर परत यायचं, तासाभराने पुन्हा जायचं. पायाखाली काय असेल सांगता येत नाही.

म्हणून मी त्यांना एक छोटी पेटी करून दिली. आत ईएसपी३२ नावाचा बोर्ड, तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजणारी मॉड्यूल्स, सिमकार्डवालं जीएसएम मॉड्यूल आणि एक बॅटरी. काम एकच: तिन्ही फेज नीट आल्या की मामांच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचा. मोटार चालू करायचं काम पेटीकडे नाही, ते मामाच करतात. मामा तिला 'डबडं' म्हणतात, पण फोन उशाला ठेवून त्याच्याच भरवशावर झोपतात.

शेजारच्या शेतकऱ्यालाही मिस्ड कॉल जावा म्हणून प्रोग्राममध्ये छोटा बदल करायचा होता. एका गुरुवारी मला सुट्टी होती. बोर्ड घरी आणला, लॅपटॉपला जोडला, अपलोड सुरू केलं. साधारण ६० टक्क्यांवर केबलला धक्का लागला आणि सगळं थांबलं. पुन्हा जोडलं तर बोर्डवरचा पॉवरचा लाल दिवा लागतोय, पण बाकी काहीच हालचाल नाही.

संध्याकाळी मामांचा फोन आलाच. "काय रे, झालं का डबडं? आजपासून रात्रीची लाइट हाय की."

बोर्ड मेला की फक्त झोपला?

हे कळायला आधी बोर्डच्या आतली रचना समजून घेऊ. तिथे तीन वेगवेगळ्या जागा असतात.

पहिली जागा रॉम. चिप कारखान्यात बनते तेव्हाच त्यातला प्रोग्राम कायमचा कोरला जातो. ईएसपी३२ मध्ये ही जागा ४४८ केबी आहे. तिथे तुम्ही, मी, चिप बनवणारी कंपनी, कुणीच नंतर काही बदलू शकत नाही.

दुसरी जागा फ्लॅश मेमरी. माझ्या बोर्डवर ती ४ एमबीची आहे. आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर इथे राहतं आणि लाइट गेली तरी टिकतं. 'फ्लॅश करणे' म्हणजे इथे लिहिणे.

तिसरी जागा रॅम. ईएसपी३२ मध्ये ती ५२० केबी आहे. काम चालू असेपर्यंतचा कच्चा कागद. पॉवर गेली की कोरी.

बोर्डला पॉवर मिळाली की सगळ्यात आधी रॉममधला प्रोग्राम जागा होतो. तो बघतो की शून्य नंबरची पिन दाबून धरलेली आहे का? बोर्डवर 'बूट' लिहिलेलं बटण असतं ना, ते हेच काम करतं. बटण दाबलेलं नसेल तर तो फ्लॅशमधलं सॉफ्टवेअर सुरू करायला जातो. दाबलेलं असेल तर फ्लॅशकडे बघतही नाही. तो बाहेरून येणारा निरोप ऐकत थांबतो. याला डाउनलोड मोड म्हणतात.

आता यातली खरी गोष्ट लक्षात घ्या. फ्लॅशमध्ये कितीही गोंधळ झाला तरी रॉम शाबूत असतो. म्हणजे फ्लॅश अर्धवट लिहिली गेली म्हणून बोर्ड मरत नाही. दुकानाची पाटी पुसली तरी मालक आत बसलेलाच असतो, फक्त मागच्या दाराने हाक मारावी लागते. ते मागचं दार म्हणजे यूएसबी.

आधी केबल बघा

सैल झालेली केबल बदलून मी घरातली दुसरी लावली. लॅपटॉपला बोर्ड दिसेचना! पोटात गोळा आला. वाटलं, आता खरंच गेला.

पण कारण साधं होतं. यूएसबी २ च्या पूर्ण केबलमध्ये चार तारा लागतात: दोन पॉवरच्या, दोन डेटाच्या. स्वस्तातल्या काही केबलमध्ये फक्त पॉवरच्या दोनच तारा असतात. फोन चार्ज होतो, पण फाइल जात नाही. बोर्डचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला काही ऐकू येत नाही. ओळखायची सोपी युक्ती: त्या केबलने फोन लॅपटॉपला जोडा. फोनमध्ये 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय आला तर केबल बरोबर. नाही आला तर ती फक्त चार्जिंगची.

गुरुवार असल्याने स्वामींच्या दर्शनाला आलेल्या भाविकांची गर्दी होती. त्यातून वाट काढत मोबाइलच्या दुकानात गेलो आणि "डेटावाली द्या, चार्जिंगवाली नको" असं दोनदा सांगून केबल आणली. लॅपटॉपला बोर्ड लगेच दिसला.

अजून एक गोष्ट. मूळ ईएसपी३२ चिपला स्वतःला यूएसबी कळत नाही. तिला फक्त सिरियल भाषा येते, म्हणजे एका तारेवरून एकामागून एक बिट. म्हणून बोर्डवर शेजारी एक छोटी दुभाषी चिप असते, बहुतेक वेळा सीपी२१०२ किंवा सीएच३४०. कॉम्प्युटरमध्ये तिचा ड्रायव्हर नसेल तरी बोर्ड दिसत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी केबल, मग ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी बोर्डवर संशय.

यूएसबीवरून लिहिताना काय बोलणं होतं?

अपलोडचं बटण दाबल्यावर लॅपटॉपवर ईएसपीटूल नावाचा प्रोग्राम चालतो. अर्डुइनो आयडीई वापरत असाल तरी पडद्यामागे हाच असतो. त्याची कामं क्रमाने अशी:

१. दुभाषी चिपच्या दोन तारा हलवून तो बोर्ड रीसेट करतो आणि त्याच वेळी शून्य नंबरची पिन खाली खेचतो. म्हणजे 'बूट' बटण दाबायचं काम आपोआप होतं. काही बोर्डवर हे जमत नाही. मग स्क्रीनवर 'कनेक्टिंग'पुढे ठिपके येत राहतात. अशा वेळी ते बटण बोटाने दाबून धरायचं.

२. रॉमला हाक मारतो. रॉमने ओ दिली की जोडणी झाली.

३. एक छोटा मदतनीस प्रोग्राम बोर्डच्या रॅममध्ये पाठवतो. पुढचं काम हा मदतनीस करतो, कारण तो रॉमपेक्षा वेगवान आहे आणि दाबून लहान केलेला डेटा उलगडू शकतो.

४. फ्लॅशचा लागणारा भाग पुसतो, मग तुकड्यातुकड्याने लिहितो.

५. शेवटी लिहिलेल्या भागाचा हॅश, म्हणजे एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा, बोर्डकडून मागवतो आणि मूळ फाइलच्या ठशाशी जुळवतो. 'हॅश ऑफ डेटा व्हेरिफाइड' ही ओळ दिसली की समजायचं, जे पाठवलं तेच पोचलं. ती ओळ दिसल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही.

माझं गाडं चौथ्या पायरीवर अडकलं होतं.

तपासणी फोनवरही होते

बोर्ड चालू होताना सिरियलवरून स्वतःची तब्येत सांगत असतो. हे वाचायला लॅपटॉपच पाहिजे असं नाही. फोनला ओटीजी अडॅप्टर लावा, प्ले स्टोअरवरून यूएसबी सिरियल टर्मिनल प्रकारचं एखादं फुकट ॲप घ्या आणि वेग १,१५,२०० ठेवा. बोर्डवरचं रीसेट बटण दाबलं की ओळी दिसायला लागतात. शेतात लॅपटॉप नेण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

माझ्या बोर्डने जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता: चालवण्याजोगा एकही ॲप विभाग सापडला नाही.

ही वाईट बातमी वाटते, पण नीट वाचली तर चांगली आहे. फ्लॅशमध्येही खोल्या पाडलेल्या असतात. ईएसपी३२ वर ४,०९६व्या बाइटपासून बूटलोडर असतो. ३२,७६८व्या बाइटपासून विभागांचा तक्ता, म्हणजे कुठली खोली कुठे आहे याचा नकाशा. अर्डुइनोच्या नेहमीच्या मांडणीत ३६,८६४व्या बाइटपासून २० केबीची सेटिंग्जची खोली, आणि ६५,५३६व्या बाइटपासून मुख्य प्रोग्राम.

'ॲप सापडलं नाही' असं कोण म्हणालं? बूटलोडर. म्हणजे बूटलोडर जिवंत होता. त्याने नकाशाही वाचला होता. बिघडला होता तो फक्त मुख्य प्रोग्राम. तेवढाच पुन्हा लिहिला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

मी तसं केलं नाही.

माझी चूक

घाईत मला वाटलं, सगळंच साफ करून कोऱ्या पाटीवर लिहू. अर्डुइनोच्या मेनूमध्ये अपलोडआधी सगळी फ्लॅश पुसायचा पर्याय असतो. तो चालू केला आणि बटण दाबलं. नवा प्रोग्राम नीट चढला, ठसा जुळला, मी खूश. मग लक्षात आलं की सेटिंग्जची खोलीही पुसली गेली.

त्या खोलीत फक्त फोन नंबर नव्हते. ते काय, पुन्हा टाकता येतात. तिथे तिन्ही फेजच्या व्होल्टेज मॉड्यूलचे जुळवणीचे आकडे होते. प्रत्येक मॉड्यूल थोडं वेगळं वाचतं. मीटर लावून, दिवसभर विहिरीवर बसून, कमी-जास्त व्होल्टेजला ते आकडे मी ठरवले होते. कुठेही लिहून ठेवले नव्हते. त्यांची एकमेव प्रत त्या २० केबीमध्ये होती.

आकड्यांशिवाय पेटी खोटं बोलते. एक फेज कमी असतानाही 'तिन्ही आल्या' असं सांगू शकते. त्यावर मोटार चालू केली तर मोटार जळते. म्हणून मी मामांना सांगितलं, "मामा, शनिवारपर्यंत डबडं लावू नका." गुरुवार आणि शुक्रवार, दोन रात्री ते पुन्हा टॉर्च घेऊन विहिरीवर गेले. एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पुसणं एवढं निर्दयी का असतं?

फ्लॅश मेमरीचा स्वभावच तसा आहे. तिच्यात लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा परत १ करता येत नाही. त्यासाठी अख्खा गट एकदम पुसावा लागतो. आपल्या बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये सगळ्यात लहान गट ४ केबीचा असतो. पुसलं की त्यातले सगळे बिट १ होतात. म्हणूनच कोऱ्या बोर्डवर 'इन्व्हॅलिड हेडर' आणि पुढे आठ एफ अशी ओळ येते. सोळा-आधारी पद्धतीत एफ म्हणजे चारही बिट १. बोर्ड बिघडलेला नाही, तो फक्त सांगतोय की इथे काहीच लिहिलेलं नाही.

ही मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. गट एका झटक्यात पुसला जातो, ते बघून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. म्हणजे नावातच लिहायचा नाही, पुसायचा वेग आहे. आणि पुसलेलं परत आणायला इथे 'रीसायकल बिन' नसतो.

बरोबर क्रम

आता मी हाच क्रम पाळतो. तुम्हीही लिहून ठेवा.

१. बोर्ड पेटीतून पूर्ण बाहेर काढा. थ्री फेजची लाइन जवळ असताना यूएसबी लावायची नाही. एक चुकीचा स्पर्श झाला तर लॅपटॉप राहू द्या, माणूस जाईल.

२. जीएसएम मॉड्यूल काढून ठेवा. ते नेटवर्क शोधताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं, यूएसबीला ते झेपत नाही. मग व्होल्टेज पडतं आणि बोर्ड मध्येच रीसेट होतो.

३. सिरियलवरच्या ओळी वाचा. तक्रार कोण करतंय, रॉम की बूटलोडर, ते ओळखा.

४. लिहिण्याआधी वाचा. ईएसपीटूलमध्ये 'रीड फ्लॅश' आहे. ४ एमबीची पूर्ण प्रत नेहमीच्या वेगाने साधारण सहा-सात मिनिटांत निघते. बिघडलेल्या बोर्डचीही काढा, कारण बिघाड एका खोलीत असतो, बाकीच्या खोल्या चांगल्या असतात.

५. बिघडलेला भागच लिहा. सगळं पुसणं हा शेवटचा उपाय.

६. ठसा जुळल्याची ओळ बघा, मगच केबल काढा.

ती सहा-सात मिनिटं मी दिली असती तर मामांच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

हे फक्त छोट्या बोर्डचं नाही

तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? तुमच्या खिशातला फोनही एक एम्बेडेड बोर्डच आहे, फक्त स्क्रीन मोठी.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विद्यार्थ्यांसाठीचा 'आकाश' टॅबलेट आठवतो? त्याची दुसरी आवृत्ती आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाली. त्यात ऑलविनर कंपनीची ए१३ चिप होती, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी फ्लॅश. या चिपचा रॉम जागा झाला की आधी एसडी कार्डवर बघतो, मग आतल्या फ्लॅशमध्ये. कुठेच काही सापडलं नाही तर तो यूएसबीवर निरोपाची वाट बघत बसतो. याला एफईएल मोड म्हणतात. आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी याच टॅबलेटवर एसडी कार्डवरून लिनक्स चालवलं होतं. आतल्या अँड्रॉइडला धक्का न लावता, कारण रॉम कार्डकडे आधी बघतो. मूळ प्रत जपून प्रयोग कसा करायचा, याचा हा चांगला धडा आहे.

आजच्या फोनमध्येही तेच. क्वालकॉम चिपच्या फोनमध्ये ईडीएल मोड, मीडियाटेकच्या फोनमध्ये बीरॉम मोड, दोन्ही रॉममध्ये राहणारी मागची दारं. 'फास्टबूट' मात्र वेगळा. तो स्वतःच फ्लॅशमध्ये राहतो. म्हणून बूटलोडर बिघडला तर फास्टबूटही जातो आणि मग रॉमच्याच दारावर टकटक करावी लागते. फोनमध्ये त्या दाराला कुलूप असतं. कंपनीची सही असलेली फाइल असल्याशिवाय ते सहसा उघडत नाही. तुमचा फोटो आणि बँकेचं ॲप चोराच्या हाती लागू नये म्हणून ते कुलूप आहे.

आणि अपडेट चालू असताना फोन बंद झाला तर? अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, दोन खोल्यांची सोय आली. तुम्ही एका खोलीतलं सॉफ्टवेअर वापरता तेव्हा नवं दुसऱ्या खोलीत लिहिलं जातं. लिहिताना गडबड झाली तर फोन जुन्या खोलीतून सुरू होतो. सगळ्या फोनमध्ये ही सोय नाही, म्हणून ती सूचना अजूनही पाळायची.

जे परत येत नाही

रॉम आहे म्हणून काहीही केलं तरी चालतं, असं मात्र समजू नका. ईएसपी३२ मध्ये ई-फ्यूज नावाचे काही बिट असतात. ते एकदा जाळले की जाळले. कूटबद्ध फ्लॅश किंवा सुरक्षित बूट चालू करताना हेच जळतात, आणि डाउनलोड मोडचं दारही कायमचं बंद होऊ शकतं. व्हिडिओत बघून ई-फ्यूजची कमांड कधीही चालवू नका. तसंच चुकीचं व्होल्टेज दिलं, तर चिप खरोखर मरते. तिथे यूएसबी काही करू शकत नाही.

शनिवार रात्र

शनिवारी मीटर घेऊन विहिरीवर गेलो. तिन्ही फेजचे आकडे पुन्हा काढले. या वेळी आधी वहीत लिहिले, मग बोर्डमध्ये टाकले, मग फ्लॅशची पूर्ण प्रत काढली. ४ एमबीची ती फाइल आता माझ्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि मामांच्या मेमरी कार्डवर आहे. व्हॉट्सॲपवरच्या एका व्हिडिओपेक्षाही लहान.

मामांनी विचारलं, "आता ह्ये परत गेलं तर?"

"तर ह्या कार्डावरनं परत आणायचं, मामा. दहा मिनिटांचं काम."

"मंग आधी का नाही केलंस?"

याला उत्तर नव्हतं. त्या रात्री एक वाजायच्या सुमारास मामांचा फोन वाजला. मिस्ड कॉल. मामा उठले, एकदाच गेले, मोटार लावून परत येऊन झोपले. हे त्यांनी मला सकाळी सांगितलं.

तुमच्या टेबलावर एखादा बोर्ड 'डेड' म्हणून पडला असेल, तर आज डेटावाली केबल लावा आणि त्याचं म्हणणं आधी ऐका. त्यातलं जे अजून शाबूत आहे त्याची प्रत काढा. पुसायचं बटण कुठे पळून जात नाही.